आकडीचे डॉक्टर आणि पेण-रोह्याची मुले

तापात बाळाला आकडी आली की पेण-रोह्याच्या वाड्यापाड्यांत आजही कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, तर कोणी भगताला बोलावण्यासाठी धावतो. शहरी सुशिक्षिताला याचे हसू येते. परंतु सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर येणारी आकडी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते व मागे काही ठेवीत नाही. कांद्याला यश येते ते यामुळे, आणि ते यश पाहिलेल्या आजीला पुढच्या वेळी अविश्वास वाटण्याचे कारण उरत नाही. खरा प्रश्न आहे तो ज्यांची आकडी तापावाचून येते, पुनःपुन्हा येते, त्या मुलांचा. त्यांच्यासाठी लागणारा डॉक्टर कोठे घडतो आणि घडताना काय पाहतो, याचा विचार आपल्याकडे वैद्यकीय वर्तुळाबाहेर क्वचितच होतो.

मुलांच्या मेंदूचा व मज्जासंस्थेचा तज्ज्ञ होण्यास आपल्या देशात किती काळ लागतो? आंतरवासितेसह एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एम.डी.ची तीन आणि त्यानंतर डी.एम.ची आणखी तीन, म्हणजे साडेअकरा वर्षे. बंधपत्राची आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षे वेगळीच. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर दोन वर्षे बालरोग व तीन वर्षे मज्जाविकार अशी पाच वर्षांची निवासी उमेदवारी असते. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंडीगडच्या पीजीआयमध्ये हे शिक्षण मिळते. मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. थोडक्यात, शिक्षण महानगरात आणि पुढचा व्यवसायही बहुधा तेथेच.

यात कोणाचा स्वार्थ शोधण्याचे कारण नाही. श्रमविभागणीला बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते, हे अॅडम स्मिथने 1776 सालीच सांगून ठेवले आहे. हमालालासुद्धा पोट भरण्यासाठी मोठे शहर लागते, असे त्याचे उदाहरण आहे. मग एका अवयवाच्या आणि एका वयोगटाच्या तज्ज्ञाला पेण कसे पुरावे? शिवाय बाजारपेठ मोजते ती गरज नव्हे, तर पैसे देण्याची ऐपत. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कातकरी कुटुंबाची गरज कितीही तीव्र असली, तरी बाजाराच्या हिशेबात ती शून्याजवळच राहते.

परंतु तज्ज्ञ पेणला राहू शकत नाही, येथवर मान्य केले तरी त्याचे ज्ञान पेणला येऊ शकत नाही असे सिद्ध होत नाही. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टराने 1841 साली स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच विकार आज त्याच्या नावाने ओळखला जातो. बाळ झोपेतून उठताना मान खाली घालून हात आखडते, पुन्हा सैल होते, असे लागोपाठ अनेकदा. आईला वाटते पोटात दुखते आहे. शेजारीण म्हणते दचकले. निदानास उशीर झाला की मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर कायमचा आघात होण्याचा धोका वाढतो. यावरील उपचारांपैकी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्वस्त असून तालुक्याच्या औषध-दुकानातही मिळतात. उणीव औषधाची नाही. बाळाकडे पाहून ओळखणाऱ्या डोळ्याची आहे. फेफऱ्याचेही तसेच. फेनोबार्बिटोन हे औषध 1912 पासून वापरात आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास फेफऱ्याच्या शंभरातील सत्तर रुग्ण झटक्यांविना जगू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता दुसरी बाजू. मोठ्या रुग्णालयात शिकणारा निवासी डॉक्टर दुर्मिळातील दुर्मिळ व्याधी पाहतो, मात्र ज्याची गोळी दिवाळीनंतर भट्टीवर गेल्यामुळे बंद पडली तो साधा फेफऱ्याचा मुलगा त्याला त्याच्या घरी कधी दिसत नाही. असे औषध एकाएकी थांबले तर न थांबणारी आकडी येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणजे औषध लिहून देताना ते किती महिन्यांचे द्यावे, हा प्रश्नसुद्धा शास्त्राचाच भाग ठरतो. तो वाडीत गेल्याखेरीज समजत नाही.

2020 साली नियमांत दुरुस्ती होऊन एम.डी., एम.एस. करणाऱ्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले. डी.एम.च्या विद्यार्थ्यांना मात्र ही अट नाही. त्यांच्या बाबतीत सरकारची भिस्त बंधपत्रावर आहे, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधपत्रे वैध ठरविली. पण शिक्षण संपल्यावर घेतलेली सक्तीची सेवा आणि शिक्षणातच मुरलेला अनुभव यांत फरक आहे. पहिलीतून कर्ज फेडले जाते, दुसऱ्याने डॉक्टर घडतो. बालमज्जाविकाराच्या निवासी डॉक्टराने तीन वर्षांपैकी काही आठवडे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, आणि तेथून पाळीपाळीने पेण व रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत काढावेत, ही मागणी त्यामुळे अवाजवी म्हणता येणार नाही.

अडचणी आहेत. मेंदूचा आलेख काढणारे यंत्र आणि ते चालविणारा तंत्रज्ञ तालुक्याला नाही. वरिष्ठाच्या देखरेखीविना शिक्षण कसले, हा आक्षेपही रास्त आहे. दूरध्वनी व दृक्‌श्राव्य सल्ल्याने तो काहीसा सौम्य होतो, पुरता सुटत नाही. सर्वांत मोठी अडचण मात्र फारशी बोलली जात नाही. आपली मोठी सार्वजनिक रुग्णालये निवासी डॉक्टरांच्या श्रमावर चालतात. तो विद्यार्थीही असतो आणि अल्प मोबदल्यात रात्रंदिवस राबणारा कामगारही. त्याला काही आठवडे बाहेर पाठविले तर त्याच्या खाटा कोण सांभाळणार? तेव्हा जादा पदे मंजूर केल्यावाचून ही योजना केवळ कागदावर राहील, आणि तो खर्च अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवावा लागेल.

शाळा व अंगणवाड्यांतील मुले तपासण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तो पालघरहून, म्हणजे या कोकणपट्टीतूनच. त्याची पथके आजही गावोगाव फिरतात आणि मुले शोधून काढतात. शोधलेले मूल पुढे कोणाच्या हाती द्यायचे, येथे गाडे अडते. आईने एका दिवसाची मजुरी बुडवून, दिवा-रोहा गाडीने मुंबईस जाऊन, रांगेत उभे राहून, पुढची तारीख घेऊन परत यायचे. दुसऱ्या तारखेला किती जणी जातात, याची नोंद आधी पेण आणि रोह्याच्या रुग्णालयांनी ठेवायला हवी.