आरोग्याची लढाई ताटापासून

तथागतांनी आरोग्याला सर्वांत मोठा लाभ मानले. आपण विहारात शिक्षण, संघटन, संघर्ष यांवर बोलतो. रोजच्या ताटावर मात्र क्वचितच बोलतो. वसमतच्या हळदीचे नाव देशभर आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या शिवारात सोयाबीन, कापूस डोलतो. पण त्याच शिवारात राबणाऱ्या आपल्या अनेक माणसांची भाजी आठवडी बाजाराच्या दोन दिवसांतच संपते.

याची किंमत शरीर मोजते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे एक मोठे कारण म्हणजे आहारातील लोहाची कमतरता.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. बटाटा, रताळे यांत धरत नाहीत. भाज्यांतील तंतूंमुळे पोट साफ राहते, पोटॅशियममुळे रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, तर पालेभाज्यांतील फोलेट गर्भवती बहिणींना अत्यावश्यक असते. पालेभाजी, डाळीतले लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते चांगले शोषले जाते. म्हणून भाजीवर लिंबू पिळा, जेवणासोबत पेरू किंवा आवळा खा. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

यासाठी महागडे सफरचंद लागत नाही. पेरू, बोर, जांभूळ, पपई, शेवगा, अंबाडी, तांदूळजा, घोळ ही आपलीच संपत्ती आहे. पूर्वी आपल्या आया-आज्या निंदणीला गेल्या की रानभाजी ओटीत घेऊन येत. आता तणनाशकाने तीही मारली. फवारलेल्या शेतातली भाजी खुडू नका.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भाज्या खा म्हणजे मांस, अंडी, सुकट सोडा असे आम्ही म्हणत नाही. त्यांतूनही चांगले प्रथिन मिळते. कुणाच्या ताटावरून त्याची लायकी ठरवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

भूमिहीनाने भाजी कुठे लावायची, हा प्रश्न खरा आहे. म्हणून तरुणांनी विहाराच्या मोकळ्या जागेत परसबाग करावी. नळाचे सांडपाणी तिकडे वळवावे. शेवगा, पपई, पालक, मेथी लावावी. पौर्णिमेच्या खीरदानासोबत लेकरांच्या हातात एकेक पेरू द्यावा. येत्या रविवारी वंदनेनंतर हाच विषय घ्या आणि जागा मोजा.

जय भीम! नमो बुद्धाय!