नोंदीत उतरेल असं बोला!

गूगलच्या इंटरव्ह्यूचे किस्से तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर नक्की ऐकले असतील. 'स्कूल बसमध्ये गोल्फचे किती बॉल मावतील?' असलं काहीतरी विचारतात म्हणे! विचारायचे, पण तो जमाना गेला. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगून टाकलं की, ही कोडी म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं. त्यातून उमेदवाराबद्दल काही कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं.

मग आता काय विचारतात? इंजिनीअरच्या जागेसाठी बहुतेक फेऱ्या पाऊण तासाच्या असतात आणि त्यात कोडिंगचे प्रश्न येतात. पूर्वी फेऱ्यांना अंतच नसायचा. मग कंपनीने स्वतःचीच आकडेवारी तपासली, तेव्हा चार मुलाखतींतच ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो असं दिसलं. पाचव्या फेरीपासून हाती फारसं काही लागत नव्हतं.

पण तुमच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. समोर बसलेला माणूस तुम्हाला घेणार की नाही हे एकटा ठरवत नाही. तो सतत टाइप करत असतो ना, त्या नोंदी पुढे एका समितीकडे जातात. त्या समितीने तुम्हाला पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे ते कागद. तुमच्या डोक्यात कितीही भारी विचार आला आणि तो तोंडातून बाहेर पडला नाही, तर तो कागदावर येणार कुठून?

आणि इथेच आपली पोरं मार खातात. पहिलीपासून आपल्याला काय शिकवलंय? पेपर सोडवताना तोंड बंद! बोललास की कॉपी. त्यामुळे प्रश्न आला की आपण मान खाली घालून दहा मिनिटं गप्प बसतो आणि थेट उत्तर लिहितो.

एक नेहमीचा प्रश्न घ्या. आकड्यांची यादी दिली आहे, त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज १०० होते? लिहायला घेण्याआधी विचारा, यादी चढत्या क्रमाने आहे का? ऋण संख्या आहेत का? तोच आकडा दोनदा येऊ शकतो का? मग सगळ्यात बाळबोध पद्धत सांगा, लाज वाटू देऊ नका. प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी जोडून पाहायचा. यादीत १० लाख आकडे असतील, तर जवळपास ५० हजार कोटी जोड्या तपासाव्या लागतील, हेही तुम्हीच बोला. आता सुधारणा. ३७ दिसला की आधी ६३ येऊन गेला का, एवढंच पाहायचं. आलेले आकडे हॅश टेबलमध्ये ठेवत गेलात, तर यादीवरून एकदाच फिरावं लागतं. उत्तर दोन मिनिटांचं आहे, पण असं बोलत गेलात तर नोंदींत लिहायला किती गोष्टी मिळाल्या बघा.

अॅमेझॉनची तऱ्हा थोडी निराळी. त्यांची १६ नेतृत्वतत्त्वं आहेत आणि बरेचसे प्रश्न त्यांवरूनच येतात. 'टीममध्ये मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?' वगैरे. मुलाखत घेणाऱ्यांत त्या टीमबाहेरचा एक 'बार रेझर' असतो आणि त्याला नकाराधिकार असतो. इथे आपले संस्कार आडवे येतात. 'मी मी करू नये' हे घरी इतकं मुरलेलं असतं की, रात्र रात्र जागून प्रोजेक्ट एकट्याने ओढलेला मुलगाही 'आम्ही केलं, आमच्या ग्रुपने केलं' असंच सांगतो. नम्रपणा छानच, पण तुमच्या वाट्याचं काम तुम्ही नाही सांगितलं, तर ते नोंदवलं जाणार नाही.

इतकं करूनही नकार येऊ शकतो. चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा एखादा चांगला सुटला तरी चालेल, हे या कंपन्यांचं धोरणच आहे. मॅक्स हॉवेल यांचं उदाहरण घ्या. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं 'होमब्रू' हे साधन त्यांनी बनवलं. २०१५ मध्ये गूगलने त्यांना नाकारलं. हॉवेल यांनी वैतागून ट्वीट केलं की, तुमचे ९० टक्के इंजिनीअर माझं साधन वापरतात, पण मला बोर्डवर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मी नको! काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा 'आपलं झेपणार नाही' असं एवढ्यात ठरवून टाकू नका.

आजच रात्री एक करून बघा. एका मित्राला कॉल लावा, कॅमेरा बंद. ४५ मिनिटांचा गजर लावा. तुम्ही प्रश्न सोडवा आणि त्याने फक्त टाइप करायचं, तुम्ही बोललात तेवढंच. मग त्या नोंदी अशा दुसऱ्या मित्राला पाठवा, जो कॉलवर नव्हता. आणि विचारा, या पोराला घेशील का रे?