५१ पॉइंट आणि ६२ ची खरेदी : टँकसाठी टॅलेंट कसं निवडायचं?



विषय बघून काहीजण म्हणतील, "सर, धंद्याच्या चॅनलवर गेम?" हो, गेमच! हातात पैसा मोजका असताना तो कुठे घालायचा, हे मला एका गेमने फार स्वच्छ दाखवलं. व्हिडिओत आकडे पटापट गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय.

गेम आहे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझर्ड कंपनीने तो २००४ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये त्याचं जुनं रूप 'क्लासिक' नावाने पुन्हा सुरू केलं. आपण या क्लासिकबद्दलच बोलतोय. लॉकडाऊनमध्ये भाच्याच्या नादाने मी त्यात वॉरियर घेतला आणि टँक झालो.

टँकचं काम नक्की काय?

पाच जणांच्या टीममध्ये एक टँक, एक हीलर आणि तीन मारणारे. टँक पुढे उभा राहून मार खातो, असं सगळ्यांना वाटतं. पण ते अर्धंच काम झालं. शत्रू कोणावर धावून जाईल हे 'थ्रेट'च्या हिशेबावर ठरतं. तुम्ही मारलंत की थ्रेट वाढतो, हीलरने कोणाला बरं केलं की त्याचाही थ्रेट वाढतो. शत्रूच्या जवळ असलेल्या कोणाचा थ्रेट टँकच्या ११० टक्क्यांवर गेला, किंवा लांबून लढणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला, की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो.

म्हणजे टँकची कामं दोन. एक, टिकायचं. दोन, शत्रूला आपल्याकडेच धरून ठेवायचं.

माझी चूक

या गेममध्ये दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट मिळतो. साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत एकूण ५१. वॉरियरला ते तीन शाखांमध्ये वाटता येतात : आर्म्स, फ्युरी आणि प्रोटेक्शन. एका शाखेत ५ पॉइंट घातले की तिची पुढची पायरी उघडते.

३५ व्या लेव्हलला माझ्याकडे २६ पॉइंट होते. मी सगळे प्रोटेक्शनमध्ये घातले. ढालीसाठी शील्ड स्पेशलायझेशन ५, बचावासाठी अँटिसिपेशन ५, चिलखतासाठी टफनेस ५, आयर्न विल ५. मग लास्ट स्टँडचे मिळून ३ आणि ढालीचेच आणखी ३. डिफायन्समध्ये मात्र शून्य. डिफायन्सचे ५ पॉइंट भरले की बचावाच्या पवित्र्यात तुमचा थ्रेट १५ टक्के वाढतो. मला वाटलं, त्याने आपला जीव थोडाच वाचणार?

स्कार्लेट मॉनेस्टरीत गेलो आणि निकाल लागला. शत्रू आधी आमच्या मेजवर धावले, मग हीलरवर. दोघे गेले, पाठोपाठ उरलेले दोघे. शेवटी मी एकटा उभा होतो, मजबूत, चिलखतासह! हीलरच नाही म्हटल्यावर मीही किती वेळ टिकणार?

सुरक्षिततेवर सगळा खर्च केला आणि ज्यांच्यासाठी उभा होतो तेच गेले.

पॉइंट कसे वाटायचे?

१. आधी मूळ काम. पहिल्या दोन पायऱ्यांत १० पॉइंट घालावेच लागतात, त्यात टफनेस आणि अँटिसिपेशन घ्या. डिफायन्स तिसऱ्या पायरीवर उघडतं, त्याचे ५ लगेच भरा. झाले १५. टँक होण्याचा किमान खर्च एवढाच.

२. छुपी किंमत बघा. लास्ट स्टँड दिसायला १ पॉइंटचं आहे. संकटात २० सेकंदांसाठी जीव ३० टक्क्यांनी वाढतो. पण त्याआधी इम्प्रूव्हड ब्लडरेजचे २ भरावे लागतात. खरी किंमत ३. मिरची कांडपचं मशीन घेताना थ्री-फेज कनेक्शनचा खर्च विसरतात ना, तसंच हे.

३. किती वेळा उपयोगी पडणार? शील्ड वॉल हे मोठं हत्यार अर्ध्या तासात एकदाच वापरता येतं. २ पॉइंट खर्चून ते ५ सेकंद जास्त चालतं. अवघड लढाईत ती ५ सेकंद सोन्याची, पण रोजच्या कामात? डिफायन्स मात्र तुमच्या प्रत्येक घावाला कामी येतं. रोज लागणारी वस्तू आधी, वर्षातून एकदा लागणारी नंतर.

४. दोन मोठ्या गोष्टी एकदम मिळत नाहीत. प्रोटेक्शनच्या टोकाला शील्ड स्लॅम आहे, फ्युरीच्या टोकाला ब्लडथर्स्ट. दोन्हींनी थ्रेट भरपूर मिळतो. प्रत्येकाला त्या-त्या शाखेत ३१ पॉइंट लागतात. दोन्ही मिळून ६२, खिशात ५१. इथे निवड करावीच लागते.

शील्ड स्लॅम घेतलंत तर ढाल हातात हवीच, पण टिकण्याची बरीच टॅलेंट वाटेतच मिळतात. ब्लडथर्स्ट घेतलंत तर ३१ फ्युरीत, १५ प्रोटेक्शनमध्ये डिफायन्सपर्यंत, आणि उरलेले ५ आर्म्समध्ये. यात थ्रेट जोरदार, कवच कमी.

मग कोणतं घ्यायचं?

तुमची टीम बघा. हीलर नवखा आहे, सगळ्यांचं सामान साधं आहे, तर शील्ड स्लॅमच्या वाटेने जा. हीलर कसलेला आहे आणि मारणारे इतके तगडे आहेत की थ्रेट पुरतच नाही, तर ब्लडथर्स्ट. कोणाचं तरी 'बेस्ट बिल्ड' डोळे झाकून उचलू नका. त्याची टीम तुमच्याकडे नाही.

चुकलं तर?

टॅलेंट पुसून पुन्हा भरता येतात. पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग दर वेळी ५ ने वाढत ५० पर्यंत. मी त्याच रात्री १ गोल्ड भरला आणि डिफायन्सचे ५ पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तीच टीम शेवटपर्यंत पोहोचली. मला मार थोडा जास्त बसला, पण मेजला कोणी हातही लावला नाही.

चूक स्वस्त असते तेव्हाच दुरुस्त करा, मित्रांनो. दहावी चूक पहिलीच्या पंचेचाळीसपट महाग पडते.

आता एक काम करा. कागद घ्या, तुमच्या धंद्याचं भांडवल ५१ पॉइंट समजा आणि कुठे किती घातलेत ते लिहा. मग स्वतःला विचारा : यात माझं डिफायन्स कोणतं, आणि त्यात मी आजवर किती घातले?

भेटू पुढच्या व्हिडिओत!