अडलेली वाट आणि चावणारा डबा

ठाण्याहून कल्याणकडे रोज जाणाऱ्या मनुष्यास संगणकशास्त्रातील एक मूलतत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत आणि दिव्यापासून कल्याणपर्यंत सहा रूळमार्ग सिद्ध असताना, मधल्या सुमारे ९ किलोमीटरांत मात्र चारच असल्यामुळे, लांब पल्ल्याच्या गाडीस वाट देण्याकरिता आपली लोकल तिष्ठत राही, हे त्याने वर्षानुवर्षे सोसलेले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा टप्प्यातील पाचवी-सहावी मार्गिका खुली झाली, तेव्हा कुठे अलीकडच्या-पलीकडच्या जादा रुळांचे चीज झाले.

मे महिन्यात डोंबिवली पूर्वेस ताईकडे गेलो असता भाच्याच्या संगणकात नेमका हाच पेच दृष्टीस पडला. खेळ नीट चालावेत म्हणून त्याने वर्षभराच्या बचतीतून ‘आरटीएक्स ३०६०’ हे ग्राफिक्स कार्ड आणून बसविले होते. पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांचे रंग बहुतांशी परस्परांवाचून ठरविता येत असल्यामुळे, ते काम एका विद्वान दिवाणापेक्षा पुष्कळशा साध्या कारकुनांकडून लवकर उरकते. या कार्डात असे ३,५८४ कारकून तैनात असतात. एवढी फौज दिमतीस असूनही खेळातील मोटार वळणावर आली की चित्र थबके.

“मामा, कार्डच फॉल्टी निघालं बहुतेक.”

टास्क मॅनेजर उघडून रुजुवात घेतली, तो कार्ड जेमतेम तिसरा हिस्सा काम करीत होते. ८ जीबीची रॅम मात्र काठोकाठ भरलेली, आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर धापा टाकीत होती.

या डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते. हवा तो मजकूर वाचणाऱ्या हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि मुळात हेड त्या जागी सरकण्यास आणखी आठ-नऊ. सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची तर एका चित्राच्या वाट्यास येतात १६.७ मिलिसेकंद! रॅममधून सेकंदाच्या सुमारे एक कोट्यंशात हाती येणारा कागद, रॅम अपुरी पडल्यामुळे, दर वेळी तळघरातील दप्तरातून मागवावा लागत होता. तोवर सारे कारकून टाक कानावर ठेवून स्वस्थ. तजवीज साधी होती: डिस्कच्या जागी एसएसडी आणि जोडीला ८ जीबीची तशीच दुसरी पट्टी. दोन्ही पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या घरांत, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या, लावल्या म्हणजे प्रोसेसरास ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. शेजारशेजारच्या घरांत खोचून पुष्कळजण एक वाट उगाच बंद ठेवतात.

हसण्यास मी तरी कोण? सर्व जोडून झाल्यावर मॉनिटरची केबल मीच कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या खोबणीत लावली, आणि अर्धा तास ती फौज बिनकामाची बसवून ठेवली.

हे चालले असता ताई म्हणाली, “तो डबा चावतो रे. फरशी पुसताना हात लागला की मुंग्या येतात.” तिचे हे म्हणणे घरात आजवर कोणीच मनावर घेतले नव्हते. वस्तुतः ते अक्षरशः खरे होते. कॅबिनेटमधील पॉवर सप्लाय विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर वापरतो. एक फेजपासून, दुसरा न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्यास जोडलेला. तिसऱ्या पिनेतून अर्थिंग मिळाले तर ही गळती मुकाट्याने जमिनीत जाते. न मिळाल्यास पत्रा दोहोंच्या मध्ये लोंबकळत २३० व्होल्टांच्या निम्म्यावर, ११५च्या आसपास, राहतो. प्रवाह अत्यल्प, म्हणून झटका न बसता मुंग्याच येतात; पण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मनुष्यास त्या जाणवतातच. जुन्या इमारतींतून पुष्कळदा प्लगाचे तिसरे भोक केवळ शोभेचे असते. आम्ही बोर्ड उघडून पाहिला. भोकामागे तारच नव्हती.

रविवारी वायरमनने मुख्य पेटीपासून हिरवी तार ओढली आणि मीटर लावून खात्री करून दिली. ताईने मुद्दाम पालथा हात डब्यावर टेकवला, क्षणभर वाट पाहिली. “नाही चावत आता,” म्हणाली, आणि टेबलाखालची तीन वर्षांची धूळ पुसावयास बसली.