सात मिनिटे आणि लाल दिवा

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातले अनेक तरुण अभियंते यंत्राबद्दल तासभर बोलतील. पण माईक हातात आला की त्यांचा घसा कोरडा पडतो. छत्रपती संभाजीनगरात कामावरून सुटल्यावर संध्याकाळी भरणाऱ्या, भाषणाचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स संस्थेच्या सभा अशांसाठीच असतात. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे ही संस्था सुरू केली.

सभेत व्याख्याता आणि श्रोते असे कायमचे गट नसतात. आज बोलणारा पुढच्या वेळी घड्याळ सांभाळतो. तयारीचे भाषण साधारण 5 ते 7 मिनिटांचे असते: पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल इशारा. एक सदस्य फक्त ‘अं’, ‘म्हणजे’ असे अडखळण्याचे शब्द मोजतो. नंतर ऐनवेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलायचे. नवख्याला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते आणि माझ्या मते खरी प्रगतीही इथेच होते, कारण पाठांतराचा आधार सुटतो.

सर्वांत मोलाचे असते ते मूल्यमापन. भाषण ऐकलेला सहकारी दोन-तीन मिनिटांत काय जमले आणि काय सुधारता येईल, हे सर्वांसमोर सांगतो. आपल्याकडे 1875 पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला आहे. पण तिथे आपण ऐकायला जातो. इथे चुकायला जायचे.

पाहुण्यांवर बोलण्याची सक्ती नसते. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐका.