तळटिपेतला न हलणारा पत्ता

इतिहासाच्या पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘राजवाडे, खंड १, लेखांक अमुक’ एवढंच छापलेलं असतं. बहुतेकांची नजर त्यावरून सरळ घसरते. पण त्या तीन-चार शब्दांची ताकद बघा. ते कागदावर टिपून एखादं जुनं वाचनालय गाठा, खंड काढा, आकडा शोधा. पानिपतच्या आधीच्या धामधुमीत कुणीतरी घाईघाईने लिहिलेलं पत्र तुमच्यासमोर येतं. पुस्तकाच्या लेखकाने त्यातून काढलेला अर्थ पटतो की नाही, हे मग तुम्हीच ठरवायचं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या साक्षीदाराला उलटतपासणीसाठी हजर करण्याची सोय एका तळटिपेत मावते!

ही सोय ज्यांनी करून ठेवली, त्यांची अखेर धुळ्यात झाली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेले कागद वाळवीच्या आधी गाठायचे, मोडीतून वाचायचे आणि छापायचे, असं ते काम. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि त्यांचं दप्तर सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच शहरातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितांची बाडं आहेत. पांझरेच्या पलीकडे देवपुरात आज महाविद्यालयं आहेत, प्रबंध लिहिणारी मुलं-मुली आहेत. नदीच्या एका काठाला मूळ कागद आणि दुसऱ्या काठाला त्यांचा हवाला देणारे, असा योग फार कमी गावांच्या वाट्याला येतो.

छापील पानाचा आकडा आवृत्तीबरोबर बदलतो. टाइप लहान केला, प्रस्तावना वाढली, की पान सरकलं. लेखांक मात्र पत्राला चिकटलेला असतो. पुस्तक कितीदाही छापा, तो हलत नाही. धुळेकरांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या शहरातल्या गल्ल्या नंबरावर चालतात. दुकानाची पाटी बदलते, वाडा पाडून तिथे संकुल येतं, पण गल्ली नंबर ४ ही नंबर ४ च राहते.

इंटरनेटने सुरुवातीला नेमकं हेच विसरायला लावलं. लिंक सांगते ती वस्तू आज कुठे ठेवली आहे ते. ती वस्तू कोणती, हे सांगत नाही. संस्थेने संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुना पत्ता मेला. २०१३ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमधल्या लिंक तपासल्या. जवळपास निम्म्या लिंकवर मूळ मजकूर सापडेना. न्यायाधीशांनी ज्याच्या आधारे निकाल दिला, तो आधारच गायब!

यावर काढलेला तोडगा राजवाड्यांच्या लेखांकाचाच भाऊबंद आहे. त्याला डीओआय म्हणतात. ‘१०.१०००/१८२’ हा असाच एक आकडा, डीओआयच्याच माहितीपुस्तिकेचा. तिरप्या रेघेच्या आधीचा भाग आकडा नोंदवणाऱ्या संस्थेचा, नंतरचा त्या लेखनाचा. मधे एक मोठी नोंदवही असते. तुम्ही आकडा विचारला की ती पाहते आणि लेख सध्या जिथे असेल तिथे तुम्हाला नेऊन सोडते. प्रकाशकाने बिऱ्हाड हलवलं तर त्याने नोंदवहीत नवा पत्ता लिहायचा. जगभरच्या तळटिपांना हातही लावावा लागत नाही. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ज्या ‘शोधगंगा’वर ठेवले जातात, तिथेही हँडल नावाची हीच पद्धत आहे. डीओआय त्याच पद्धतीवर उभा आहे. शोधगंगेवरच्या प्रत्येक प्रबंधाचा कायमचा क्रमांक १०६०३ ने सुरू होतो. देवपुरातल्या मुलीने जळगावच्या विद्यापीठात दिलेला प्रबंध तिथे चढला की त्यालाही हाच उपसर्ग लागतो.

दुसरी गंमत संदर्भयादीची. आधी नियतकालिकागणिक यादी नव्याने टंकावी लागे: इथे वर्ष नावानंतर, तिथे शेवटी, इथे स्वल्पविराम, तिथे पूर्णविराम. आता झोटेरोसारखी मोफत सॉफ्टवेअर नोंद एकदाच घेतात: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. मांडणीचे नियम स्वतंत्र फाइलमध्ये असतात आणि अशा दहा हजारांहून जास्त शैली तयार मिळतात. शैली बदलली की तीनशे नोंदींची यादी डोळ्यांदेखत नव्या घाटात उभी राहते.

मराठी पुस्तकं आली की मात्र यंत्र अडखळतं. ते आडनाव मागतं. ज्ञानेश्वरांचं आडनाव काय भरणार? शाळेच्या वर्णमालेत ‘ज्ञ’ शेवटी, पण संगणकाच्या लेखी तो ज आणि ञ यांचा जोड. त्यामुळे ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये जाऊन बसतात आणि यादीच्या शेवटी शोधणारा हात हलवत परत येतो. सर्वांत अवघड वर्षाचा रकाना. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे पाठ असतं. पण पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली, म्हणजे १४ जानेवारी १७६१. इथे ७९ मिळवावे लागतात, कारण इसवी सन पौषात बदलतो आणि शक चैत्रात. जुन्या पत्रांत तर साल अरबी अंकशब्दांत येतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सुहूर सन मृगाला सुरू होतो. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. पत्र जानेवारीतलं असेल तर ६००, की आलं १७६१. म्हणून जाणता माणूस मूळ साल जसंच्या तसं ठेवतो आणि शेजारी इसवी सन लिहितो. हिशेब चुकला असेल तर पुढचा तो दुरुस्त करू शकतो.

यादी करणं हे हमालीचं काम मानणाऱ्यांनी शंकर गणेश दाते आठवावेत. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी केली आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. संगणक नव्हता. आज एखादं जुनं मराठी पुस्तक खरोखर निघालं होतं का, असा वाद पडला की अभ्यासक अजूनही दात्यांची सूची उघडतात.

तेव्हा गावाचा इतिहास लिहा, घराण्याची हकीकत लिहा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर शिवकाळातला किस्सा पुढे ढकला. त्याखाली एक ओळ जोडा. कुणाचं, कोणतं, कितवी आवृत्ती, कुठलं पान. आणि कायमचा क्रमांक असेल तर तो आधी. वेबपान असेल तर कधी पाहिलं ती तारीख टाका आणि त्याची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हवर जतन करा, हे काम फुकटात होतं. ज्या किस्स्याखाली अशी ओळ लिहिता येत नाही, तो पुढे न पाठवलेलाच बरा.