अजब बंगल्यात दुसऱ्यांदा कोण जातं?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या अनेकांसाठी संग्रहालय म्हणजे नागपूरचा अजब बंगला. 1863 साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय शाळेच्या सहलीत बघायचं, पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे थोडी ढकलाढकली करायची, की झालं. पुढे नागपूरला शंभर खेपा होतात. दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी. अजब बंगल्याची पायरी मात्र पुन्हा चढली जात नाही.

जगभरातल्या कलासंग्रहालयांचं दुखणं हेच आहे. वस्तू त्याच राहतात आणि छप्पर, दिवे, राखणदार यांचा खर्च वाढत जातो. तिकिटांतून तो क्वचितच निघतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये कित्येक वर्षं ‘जमेल तेवढं द्या’ असा रिवाज होता. 2018 मध्ये मात्र राज्याबाहेरून येणाऱ्या प्रौढांना 25 डॉलर सक्तीचे झाले. तिकीट वाढवणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि लहान गावांसाठी सगळ्यात निरुपयोगी.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने वेगळी वाट धरली. 1872 साली खुली झालेली ही महापालिकेची वास्तू पार मोडकळीला आली होती. 2003 मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. मालकी महापालिकेकडेच राहिली, पैसा आणि जाणकारी बाहेरून आली, कारभार विश्वस्तांकडे गेला. 2008 मध्ये दारं पुन्हा उघडली. पण नुसत्या रंगरंगोटीने माणसं परत येत नाहीत. म्हणून जुन्या काचेच्या कपाटांच्या सोबतीला आजच्या कलावंतांना बोलावलं गेलं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया यांनी त्याच दालनांत आपली कामं मांडली. कपाटं तीच, पण प्रत्येक प्रदर्शनात ती निराळी दिसू लागली. मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून चक्क बस काढली: संग्रहालयच चाकांवर, शाळेच्या आवारात.

आपल्या राज्याच्या राजधानीतलं उदाहरण मात्र याहून धीट वाटतं. भोपाळचं जनजातीय संग्रहालय 2013 मध्ये उघडलं. तिथली दालनं गोंड, भिल्ल, कोरकू, बैगा कलावंतांनी स्वतःच्या हातांनी उभारली. काचेमागे चिठ्ठी लावून ठेवलेला ‘आदिवासी’ तिथे भेटत नाही. आदिवासी चित्रकारांची प्रदर्शनं तिथे भरतात, चित्रं विकली जातात, म्हणजे कलावंताच्या घरी पैसा पोहोचतो. झाबुआकडच्या भूरीबाईंची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. 1982 साली सुरू झालेल्या भोपाळच्याच भारत भवन या कलासंकुलाच्या बांधकामावर त्या मजुरी करत होत्या, तिथे चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना चित्रं काढायला सांगितली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संग्रहालयाचा समाजाला काय उपयोग, असं विचारणाऱ्याला हे एक नाव सांगितलं तरी पुरे.

पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला. जिल्हा झाला की नव्या इमारतींची मागणी सुरू होते, आणि कधीतरी संग्रहालयाचाही विषय निघेल. तेव्हा आधी इमारत बांधण्याची घाई करू नये. पैशाची वाट अगदीच बंद नाही: कला-वारशाच्या जतनावरचा खर्च कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार सामाजिक जबाबदारीच्या निधीत धरला जातो, आणि सौंसर तालुक्यात बोरगावचं औद्योगिक क्षेत्र आहेच. पण कंपनीकडे जाण्याआधी दाखवायला काहीतरी हवं.

ते घराघरांत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगडफेकीची गोटमार होते, आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी फक्त जखमींचे आकडे छापून येतात. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत नेतात, त्यांची बातमी होत नाही. काही नंदी आजोबा-पणजोबांच्या वेळचे असतात. शिंगं घासलेली, रंगाचे थरावर थर चढलेले. एखाद्या शाळेच्या सभागृहात असे नंदी मांडावेत, शेजारी घराण्याचं नाव आणि घडवणाऱ्या सुताराची माहिती लिहावी. सुतारालाही बोलवावं, जमलं तर नवे नंदी विकायला ठेवावेत. खर्च टेबलांचा, दिव्यांचा आणि रात्रीच्या राखणदाराचा.

अट एकच. नोंदवहीत प्रत्येक नंदीचा फोटो चिकटवून मालकाला पोचपावती द्यायची आणि प्रदर्शन श्रावणातच उरकायचं, कारण पोळ्याला नंदी घरी परत हवा.